फक्कीची रेघ

आत्मकथन म्हटलं की तुम्ही कंदील शोधणार, मला माहीत आहे. कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, अनवाणी पाय, आईच्या साडीला ठिगळ, आणि शेवटी पोरगा साहेब. माफ करा, आमच्याकडे ट्यूबलाइट होती. सिलिंडर दोन होते, एक लावलेला आणि एक कॉटखाली. शाळा घरासमोर होती, बूट घालून जायचो आणि तरी उशिरा पोचायचो. साहेबही झालो नाही. लग्नात, बारशाला, दुकानाच्या उद्घाटनाला माईक धरतो आणि मोसमात कबड्डीचं समालोचन करतो. वयाचं म्हणाल तर अजून पस्तिशीही गाठलेली नाही. आत्मकथन लिहितोय म्हटल्यावर एका मित्रानं काळजीनं विचारलं, डॉक्टर काय बोलले का म्हणून. तसंही काही नाही. आणि हा नकलाकार, म्हणजे आता पोट धरून हसवणार, असं समजून बसला असाल तर जरा दमानं घ्या. ह्या प्रकरणात हसणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यात जाऊन बसायची घाई करू नका.

गावाचं नाव सांगत नाही, कारण आई अजून तिथंच राहते आणि तिला रोज दुधाला बाहेर पडायचं असतं. कर्जत आणि भिवपुरीच्या मधे कुठंतरी आहे असं धरा. स्टेशनावरून गावात यायला एक सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावर आमची आळी. दोन्ही अंगाला घरं, घरापुढं ओटे, आणि अर्ध्याअधिक ओट्यांवर काही ना काही धंदा. नानांची पिठाची गिरणी, पुढं एकीचं शिवणकाम आणि फॉल-बिडिंग, मग बांगड्यावाली, आणि मधोमध आमचं घर. आमच्या ओट्यावर सुलूआत्याची चूल. सुलूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती आलीच. आई शेतावर आणि बाबा रसायनीच्या कंपनीत, त्यामुळे मला भरवलं, बदडलं आणि शाळेत खोटं बोलून सोडवून आणलं ते तिनंच. संध्याकाळ झाली की ती परातीत तांदळाची उकड मळायला घ्यायची. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे तो आवाज. आधी थाप, थाप, मग भाकरी तव्यावर पडल्याचा गप आवाज, मग वरून पाण्याचा हात फिरला की चर्र. बाजूला पातेल्यात वालाचं बिरडं नाहीतर जवळ्याची चटणी. स्टेशनावरून उतरून चालत येणाऱ्या बाया तिच्याकडे थांबायच्या. कुणी कर्जतला दवाखान्यात कामाला, कुणी पॅकिंगला, कुणी दुसऱ्याच्या घरी पोरं सांभाळायला. दिवसभर लोकांचं करून आल्यावर घरी जाऊन पुन्हा परात पुढ्यात घ्यायचं जिवावर यायचं त्यांच्या. पाच भाकऱ्या कागदात बांधून घ्यायच्या, तेवढ्यात नानांकडचं दळण उचलायचं, एखादीचा ब्लाऊज झालेला असायचा. आख्खी आळी त्या चालणाऱ्या पायांवर जगत होती. पण हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी विचारणाऱ्याची नक्कल करून दाखवली असती.

नकला मी सगळ्यांच्या करायचो. बाबा कंपनीतून आले की आई त्यांना शर्ट बाहेरच्या तारेवर काढायला लावायची, कारण त्याला औषधासारखा उग्र वास यायचा. मग बाबा बनियनवर आत येऊन ओळीनं सात-आठ शिंका द्यायचे. ती शिंकांची माळ मी अशी काढायचो की शेजारचे विचारायचे, आज लवकर सुटले का रं बाबा. मुख्याध्यापक, कंडक्टर, भटजी, गिरणीचा पट्टा, कुणी सुटलं नाही. आमच्या सरपंचांना प्रत्येक वाक्याआधी "काय आहे ना" म्हणायची सवय होती. ते मी इतकं छान करायचो की खुद्द सरपंचांनी एकदा वर्गणी मागायला मला त्यांच्या आवाजात फोन करायला लावला. पण माझा खरा मान होता कबड्डीत. आमच्याकडे दिवाळी झाली, भात घरात आलं, की मळ्यात मैदानं उठतात आणि गावोगाव सामने लागतात. मंडळाचा चाकांचा स्पीकर माझ्या ताब्यात असायचा. मैदानाच्या रेषा मारायची ती पांढरी पावडर, फक्की, तिची गोणीही आमच्याच घरी पडवीत असायची. खेळता मला कधी आलं नाही. पण माझा आवाज ऐकला की बाजूच्या गावचा माणूस जेवण टाकून मैदानावर यायचा.

आता गाड्यांचं सांगतो. डोंगराच्या पायथ्याला फार्महाऊस झाली तशा शनिवार-रविवारी आमच्या सरळ रस्त्यावरून गाड्या सुटायला लागल्या. आधी शनिवार-रविवार, मग रोज. चालणारा माणूस गटाराला चिकटून चालायला लागला. पोरांना हाताला धरल्याशिवाय कुणी सोडेना. बऱ्याच जणी शेअर रिक्षानं थेट घराच्या दारात उतरायला लागल्या, आणि दारात उतरणारी बाई मधे कुठं थांबत नाही. आत्याची उकड अर्धी उरायला लागली. उरलेल्या भाकऱ्या आम्ही सकाळी चहात बुडवून खायचो आणि मला त्या आवडायच्या. त्या का उरल्यात हे माझ्या डोक्यात आलं नाही. तेवढ्यात रस्ता रुंद करायचा प्रस्ताव ग्रामसभेत आला. दोन्ही बाजूचे ओटे जाणार होते. पुरुष मंडळी मिळेल ती भरपाई धरून गप होती. आत्या उभी राहिली. ग्रामसभेत ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे आवाज भलताच चढला होता. म्हणाली, गाडीवाले कालव्याच्या बाजूनं जाऊ द्या, तिकडं ना घर ना दार. हा रस्ता आमाला चालायला ठेवा. चालणारं माणूस इथं चार आणे टाकून जातं, गाडीतलं फक्त धूळ टाकून जातं.

लोक हसले, पण चांगलं हसले. सरपंचांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. ते म्हणाले, काय आहे ना, दिवाळीनंतर पंधरा दिवस करून बघू. संध्याकाळी दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत आळीत गाडी नाही. माणसं चालली, बाजार भरला, तर गाड्या अडवायला कायमचे खांब घालू. नाहीतर मग रुंदीकरण, आणि मग कुणी बोलायचं नाही. आत्यानं घरी येऊन पहिला माझ्या पडवीतल्या गोणीला हात घातला. मी आणि मंडळाच्या पोरांनी फक्की पसरून आळीच्या दोन्ही तोंडांना जाड रेघ मारली. ह्याच्या आत चाक नाही. आळीच्या आतही दोन्ही कडांनी बारीक रेघ मारली, धंदेवाल्यांनी त्याच्या पुढं पसरायचं नाही म्हणून.

त्या पहिल्या संध्याकाळसारखी संध्याकाळ मी नंतर कुठंच बघितली नाही. गाड्या थांबल्या आणि आधी कान बावरले. चपलांचे आवाज यायला लागले. इतकी वर्षं ते होतेच, आम्हाला कधी ऐकू आले नव्हते. म्हाताऱ्यांनी खुर्च्या बाहेर आणल्या. एक कुठलंसं पोर रस्त्याच्या मधोमध लोळलं आणि त्याच्या आईनं त्याला लोळू दिलं. शिवणकामवालीनं मशीनच ओट्यावर काढली. आत्याला दुसऱ्यांदा उकड काढावी लागली. ती पदरानं तोंड पुसत होती आणि मधेच रस्त्याकडं बघून उगाच हसत होती.

आणि मी मंडळाच्या कट्ट्यावर माईक घेऊन बसलो होतो.

मला काय सुचलं म्हणाल तर सुचायला काहीच लागलं नाही. समोर फक्कीची रेघ, ती ओलांडून आत येणारी माणसं. नाना दुधाची किटली घेऊन आले आणि माझ्या तोंडून आपोआप सुटलं, "आणि चढाईसाठी आलेत गिरणीचे नाना. निळी स्लीपर, हातात किटली. समोर डाव्या कोपऱ्यात रक्षक म्हणून कुत्रा. नाना थांबलेत, कुत्रा थांबलाय. नानांनी पाय टाकला, बोनस घेतला, किटली सांडली नाय." आळी लोटपोट. नानांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आत्याचं पीठ हातातच राहिलं, इतकी हसली ती. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी गर्दी जमली. गर्दी म्हणजे आमच्याच वयाची पोरं, कट्ट्यावर आणि कट्ट्याच्या समोर दोन रांगा. भूक लागली की ती आत्याकडून भाकरी-चटणी घ्यायची. जो येईल त्याला मी नाव लावायचो, चाल सांगायचो, पिशवीत काय असेल ते ओळखायचो. कुणीतरी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा. बाबांच्या कंपनीतल्या माणसानं रसायनीत तो बघितला आणि बाबांना म्हणाला, तुमचा पोरगा भारी आहे. बाबांनी ते घरी येऊन चार वेळा सांगितलं, मधे शिंका देत.

आता ह्या वयाला ते व्हिडिओ माझ्याकडे नाहीत, पण मला ते पाठ आहेत. त्यांच्यात एक गोष्ट आहे जी मला तेव्हा दिसली नाही. पुरुष आले की ते माझ्याकडं बघून हात करतात, उलट काहीतरी बोलतात. बाया आल्या की खाली बघतात आणि पावलं उचलून चालायला लागतात. त्या घाईवरच मी जास्त बोलायचो, कारण त्या घाईला हशा जास्त मिळायचा.

कमळमावशी आमच्या शाळेत पोरांचा भात शिजवायची. माझ्या ताटात डाळ वाढताना तळातली घट्ट डाळ काढून घालायची ती. अंगानं जाड, चढ लागला की धाप लागायची. रोज संध्याकाळी पलीकडच्या आळीत लेकीकडं डबा घेऊन जायची, कारण लेक बाळंतीण होती. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. रेघ ओलांडून ती आत आली आणि मी सुरू झालो. संघातल्या सगळ्यात वजनदार खेळाडू मैदानात, दोन्ही हात अडकलेले, हुलकावणी देता येत नाही, सगळा खेळ आता दमावर. आणि माईक तोंडाशी धरून मी तिचा दम काढला. "कबड्डी, हं, कबड्डी, हं, कबड्डी." चाकांच्या त्या स्पीकरमधून तो दम आख्ख्या आळीत घुमला. पोरं खाली बसून हसायला लागली. मावशी रस्त्याच्या मधोमध थांबली. ती दम धरून उभी होती, आणि स्पीकरमधून तिचाच दम चालू होता.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कुणाकडंच बघितलं नाही. एक पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि आली तशी माघारी फिरली. मला तेव्हाही थांबता आलं असतं. पण समोर दोन रांगा होत्या. मी म्हटलं, "चढाई वाया, खेळाडू रिकाम्या हातानं परत." त्या वाक्याला आजवरचा सगळ्यात मोठा हशा मिळाला. हात रिकामे नव्हते तिचे, त्यात बाळंतिणीचा डबा होता. आत्याच्या चुलीकडून करपल्याचा वास आला. मी वळून बघितलं तर ती हातात उलथनं घेऊन मावशी गेली त्या बाजूला बघत होती, आणि तव्यावरची भाकरी काळी झाली होती.

त्यानंतर आळी रिकामी व्हायला लागली. एकदम नाही. मी म्हटलं, थंडी पडली. मग म्हटलं, लग्नसराई आहे. कट्ट्यावरची पोरं होती, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या होत्या, पण बाया दिसेनात. आत्या तव्यावरून नजर काढत नव्हती. उकड पुन्हा अर्धी उरायला लागली. एका संध्याकाळी बाबांची बस लवकर आली आणि त्यांच्याकडे सामान होतं म्हणून मी फाट्यावर गेलो, कालव्याच्या रस्त्यानं. तो रस्ता आम्हीच सगळ्या गाड्यांना दिलेला. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला गाड्या, मधे हातभर माती. आणि त्या मातीवरून आमच्या गावच्या बाया एकीमागे एक चालल्या होत्या. मोबाइलचा उजेड पायाशी धरलेला, गाडी आली की पाण्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि गेली की पुन्हा निघायच्या. कमळमावशी त्यांच्यात होती. दीपाली होती, माझ्याच वर्गातली, कर्जतला लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. मी तिला म्हटलं, वेडी का गं तू, आळीचा रस्ता मोकळा ठेवलाय तुमच्यासाठी, इथं कशाला मरायला.

ती थांबली नाही. चालता चालताच बोलली. "इथं गाडी हॉर्न देते नि जाते रं, मंग्या. तू नाव घेऊन बोलतोस."

बाबांचं सामान घरी टाकून मी त्याच पावली स्पीकर मंडळाच्या खोलीत कोंडला. दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून सांगत फिरलो की आता माईक नाही, या. सगळ्या "हो, येऊ की" म्हणाल्या. एकीनंही तोंडावर मला काही सुनावलं नाही. त्या "हो, येऊ की"मधल्या नजरेची नक्कल मला आजही जमत नाही. कमळमावशीच्या दारात दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा रस्त्याचं सगळं होऊन गेलं होतं. तिनं चहा दिला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातू दाखवला. त्या दिवसाचा शब्दही काढला नाही, आणि मलाही काढू दिला नाही.

ठरलेल्या शेवटच्या संध्याकाळी सरपंच आले. बरोबर रस्त्याचा ठेकेदार आणि ग्रामसेवक. मी काय केलं असेल? कबड्डीच्या पोरांना गोळा केलं आणि आळीतून वरखाली चालायला लावलं, हातात पिशव्या देऊन. एकानं पिशवीत बॉल घातला होता. तीच सात-आठ पोरं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. सरपंच आत्याच्या ओट्याजवळ उभे राहून हे बघत होते. मग म्हणाले, काय आहे ना सुलूताई, हे सगळे खेळाडू झाले, माणूस कुठं आहे? ठेकेदार हसला.  आत्यानं उरलेली उकड झाकून ठेवली आणि चूल विझवली. पुढं उन्हाळ्यात जेसीबी आला आणि सगळे ओटे एका दिवसात गेले. आता मी गावी जातो तेव्हा दूध आणायला आईच्या बरोबर रस्ता ओलांडतो. आई माझं मनगट धरते, लहानपणी मी तिचं धरायचो तसं, आणि आम्ही बराच वेळ कडेला उभे राहतो. नानांच्या गिरणीच्या जागी कार धुवायचं सेंटर आहे.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. घरात कुणी दिवा सोडून काही लावलं नव्हतं, टीव्ही बंद होता. आईनं वाढलं. बाबा जेवून शर्ट बघायला बाहेर गेले, तो वाळला होता तरी. माझ्या ताटात उरलेल्या भाकऱ्याच होत्या. आत्या समोर पाटावर बसली होती. मी म्हटलं, आत्या, मला मार हवं तर, पण बोल काहीतरी.

 ती बोलली, आणि आवाज चढवला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली.

"मारून काय करू तुला? आंगाला घोड्याएवढा झालास. ओटा गेला तर जाऊ दे. मी टोपली घेईन नि स्टेशनाच्या बाहेर बसेन, मला कोणाची लाज नाय. पण कमळ त्या रस्त्यानं किती वर्सं चालली, ठावं हाय तुला? तिचा नवरा दुसरी घेऊन गेला, लोक दारात उभं राहून बोलायचे, तवा चालली ती. मान वर करून चालली. गाड्या आल्या, तरी चालली. आपल्या घरच्या पोरानं तिला माघारी फिरवली, रं. माझ्या भाकऱ्यांवर वाढलेल्या पोरानं."

मी मान खाली घातली.

"वर बघ. आन् मी हसले. पयल्या दिवशी मीच हसले, म्हणून तू चढलास. मला कळत नव्हतं व्हय, बाया का पळतायत ते? कळत होतं. पण तुझ्या त्या पोरांना माझ्या भाकऱ्या जात होत्या, म्हणून मी तोंड मिटून तवा बघत बसले. उद्या कमळला तोंड दाखवायचं तर माझं दाखवू का तुझं, सांग."

माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मी पुसलं, पण ते थांबेना, आणि हुंदका आला. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं गिऱ्हाइकाची नोट दुकानदार उजेडात धरून बघतो.

"हे रडतोयस ते तुझं हाय का कुणाचं करून दाखवतोयस?" ती म्हणाली. "खरंच विचारते मी. मला आता नाय ओळखता येत रं. ऊठ, ताट उचल."